कधी ऐकू येतं, कधी येत नाही

बिघाडाचे दोन प्रकार असतात. एक सरळ बिघाड. पंखा फिरत नाही म्हणजे फिरत नाही. वायरमन येतो, कंडेन्सर बदलतो, पैसे घेतो आणि जातो. दुसरा बिघाड येऊन-जाऊन राहणारा. काल चाललं, आज चालत नाही, मेकॅनिकच्या समोर ठेवलं की पुन्हा चालायला लागलं. माणसाची खरी परीक्षा हा दुसरा बिघाड घेतो. वस्तू पूर्ण बंद पडली की तिच्या दुखण्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो. अधूनमधून बंद पडली की लोक म्हणतात, तिला नखरे सुचतात. निर्जीव वस्तूला नखरे चिकटवले तर तिचं काही जात नाही. माणसाला चिकटवले तर फार काही जातं.

२००८ साली अमरावतीच्या आमच्या घरात असे दोन बिघाड एकाच वेळी मुक्कामाला होते. एक संगणकातल्या साउंड कार्डाचा आणि दुसरा अब्बांच्या कानाचा. दोघांचा संबंध एका बिस्किटाच्या डब्यामुळे आला.

त्या डब्यात एकोणीस कॅसेटी होत्या. माझे चाचा १९८४ साली नोकरीसाठी सौदीला, दम्मामला गेले. तेव्हा घरी फोन नव्हता. पत्र पोहोचायला पंधरा-वीस दिवस लागत, आणि आमच्या दादीला लिहिता येत नव्हतं. मग त्या काळी अनेक घरांनी शोधलेला मार्ग आमच्याही घराने धरला. अकोल्याच्या घरात टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि एकेकाने चाचांशी बोलायचं. दादी, अब्बा, अम्मी, आम्ही पोरं, कधी शेजारचे एखादे काका. कापसाचा भाव, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, मोर्णेला पाणी किती आलं, सगळं त्यात. बाळापूर, अकोट, कारंजा, कुठलाही माणूस सौदीला निघाला की त्याच्या सामानात एक कॅसेट जायची. बोली आमची नेहमीचीच, वाक्याचं एक टोक वऱ्हाडीत आणि दुसरं उर्दूत. चाचा १९९३ मध्ये परतले, तेव्हा त्यांनी या सगळ्या कॅसेटी जपून परत आणल्या. २००६ साली ते गेले. पुढच्या हिवाळ्यानंतरच्या हिवाळ्यात चाचींनी तो डबा बाळापूरहून अब्बांकडे पाठवला. दादीला जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

अब्बा त्या वेळी एकोणऐंशी वर्षांचे होते. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये चौतीस वर्षं फिटर म्हणून काम केलेला माणूस. अम्मी गेल्यावर ते आमच्याकडे वलगाव रोडला राहायला आले होते. डबा मांडीवर घेऊन ते म्हणाले, "एकदा सारं आयकून घेऊ दे बावा. कान आहेत तोवर."

कॅसेट ही चीज १९६३ साली फिलिप्स कंपनीच्या लू ऑटेन्स नावाच्या डच अभियंत्याच्या चमूने आणली. प्लास्टिकच्या पातळ फितीवर लोहाच्या संयुगाची तांबूस भुकटी चिकटवलेली असते, आणि आवाज त्या भुकटीतल्या चुंबकत्वात साठवलेला असतो. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने हेडला घासत पुढे जाते. वीस-पंचवीस वर्षांनी चिकट कमजोर होतो आणि फीत वाजताना भुकटी सुटते. पहिली कॅसेट मी पाचच मिनिटं लावली आणि हेड कापसाच्या बोळ्याने पुसला, तर बोळा तांबडा झाला. त्या बोळ्यावर आमच्या घरातलं कुणाचं तरी बोलणं होतं. तेव्हाच ठरवलं, एकेक कॅसेट एकदाच वाजवायची, आणि ती वाजत असतानाच संगणकात उतरवून घ्यायची.

संगणकाच्या मदरबोर्डवर आवाजाची सोय होतीच. १९८७ साली अ‍ॅडलिब आणि १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं, तेव्हा आवाजासाठी वेगळं कार्ड घ्यावंच लागे. १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ नावाचं मानक आणलं आणि हळूहळू ती सोय मदरबोर्डातच येऊ लागली. पण आमच्या मदरबोर्डातल्या सोयीने रेकॉर्ड केलं की आवाजामागे एक बारीक किणकिण यायची आणि हार्ड डिस्क फिरली की ती वाढायची. म्हणून एक जुनं पण चांगलं साउंड कार्ड घेतलं. मदरबोर्डवरच्या पांढऱ्या लांबट खाचेत, ज्याला पीसीआय म्हणतात त्या खाचेत, बसणारं. टेपरेकॉर्डरची वायर मागे जोडली की हे कार्ड येणारा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं आणि आकड्यांत उतरवतं. तासाभराची कॅसेट उतरवायला बरोबर तासच लागतो. त्यात घाई चालत नाही. स्टिरिओत एका तासाचे साधारण ६३५ एमबी होतात. एकोणीस तासांचे बारा जीबी. आमच्या ४० जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये जागा होती. पहिल्या दोन कॅसेटी सुरेख उतरल्या.

तिसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर कार्ड नाही. संगणकाच्या यादीत त्याचं नावच नाही. बंद करून पुन्हा सुरू केला, नाव आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, संध्याकाळी गेलं. त्यानंतरच्या आठवड्यात चौथी कॅसेट उतरत असताना अकराव्या मिनिटाला पडद्यावरची थरथरणारी रेघ एकदम सपाट झाली. टेप फिरतच होता, दादी बोलतच होती, पण संगणकात काही जात नव्हतं. कार्ड चालू कामातून गळालं होतं. ती कॅसेट दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा तिच्या पहिल्या बाजूचा बराच भाग भिंतीपलीकडून बोलल्यासारखा लागला. तिथून पुढे मी हात आखडला. कार्डावर यकीन बसेपर्यंत एकही कॅसेट लावायची नाही.

ओळखीतल्या ज्याला त्याला विचारलं, तो एकच औषध सांगे: ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. गंमत अशी की तसं केलं की बरेचदा कार्ड दिसायचंही. पण ड्रायव्हर टाकताना संगणक दोन-तीनदा बंद-चालू होतो. गुण औषधाचा की बंद-चालू होण्याचा, हे त्यातून कळत नाही. अकोल्यात टिळक रोडच्या मागे आपाच्या मुलाचं, म्हणजे माझ्या भाच्याचं, संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याने फोनवर एक पक्की खूण सांगितली. "मामू, यादीत नाव असंल अन् पुढे पिवळी खूण असंल तं ड्रायव्हरचा घोळ. नावच नसंल तं ड्रायव्हरचा काही दोष नाही. ज्याची ओळखच झाली नाही त्याच्याशी बोलाची भाषा कोणती, हा सवालच येत नाही."

मी शाळामास्तर. मला ती गोष्ट हजेरीसारखी समजली. संगणक सुरू होतो तेव्हा तो प्रत्येक खाचेला हाक मारतो, कोण आहे? खाचेतलं कार्ड आपला नंबर सांगतं, त्यातला एक भाग बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या वस्तूचा. खाच रिकामी असेल तर तारांवर सगळीकडे एकचा आकडा वाचला जातो आणि संगणक समजतो, इथे कोणी नाही. ही हजेरी सुरुवातीलाच होते. त्या क्षणी ज्याचा "हजर" पोहोचला नाही, तो वर्गात बसलेला असूनही दिवसभर गैरहजर. म्हणजे आमचं कार्ड खाचेत होतं, पण त्याचा "हजर" कधी पोहोचत होता, कधी नाही. का, ते शोधायचं होतं.

पहिला संशय बॅटरीवर गेला. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते. ती मेली की वीज गेल्यावर संगणक आपलं घड्याळ आणि आपली मांडणी विसरतो, बंद करून ठेवलेली मदरबोर्डची आवाजाची सोय पुन्हा चालू होते आणि गोंधळ माजतो. त्या उन्हाळ्यात भारनियमन भरपूर होतं. दोन वेळा संगणकाचं घड्याळ खरोखरच मागे गेलेलं दिसलं. बॅटरी बदलली. घड्याळ सुधारलं. कार्डाचं येणं-जाणं तसंच राहिलं. संशयितांच्या यादीतून एक नाव कमी झालं, एवढा फायदा.

मग एका रविवारी संगणकाचा डबा चादरीत गुंडाळला आणि एसटीने अकोल्याला नेला. अमरावती ते अकोला सुमारे शंभर किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. याच मार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची डांबरी पट्टी १०५ तासांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली, पण आमच्या वेळी तो रस्ता प्रवाशाची हाडं मोजत असे. भाच्याने डबा टेबलावर आडवा पाडला, बाजूचा पत्रा काढला, कार्ड उपसलं, त्याच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासल्या, फुंकर मारली, परत बसवलं. सुरू केलं, कार्ड हजर. वीस वेळा बंद-चालू केलं, वीसही वेळा हजर. तीन दिवस त्याने संगणक ठेवून घेतला. एकदाही खाडा नाही.

घरी आणला, मागचे पेच आवळले, उभा केला, वायर जोडली. पहिल्याच दिवशी गैरहजर.

पुन्हा अकोला, पुन्हा तेच. तिथे रोज हजर, इथे मनात येईल तेव्हा. भाचा वैतागून म्हणाला, "मामू, इथं तं चालून राह्यलं. तुमच्या घरीच काहून नखरे करते?"

तो शब्द आमच्या घरात त्या दिवसांत आणखी एका बाबतीत वापरला जात होता. अब्बांना हाक मारावी, तर कधी ओ देत, कधी देत नसत. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती जेवायला बोलवायला जायची तर हे खिडकीबाहेर बघत बसलेले. दहा मिनिटांनी मी दारातून हळूच काही म्हणालो, तर लगेच उत्तर. पाहुणे, नातेवाईक हसून म्हणत, पैशाची गोष्ट निघाली की बरोबर ऐकू येतं. कुणी म्हणे, वय झालं, आता मनावर घेत नाहीत. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसे. पण एकदा सुनेने तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा आवाज चढवला, तेव्हा अब्बा ताटावरून उठून गेले. त्या दिवसानंतर ते माणसांत कमी बसू लागले.

वहीची कल्पना मात्र त्यांचीच. मी कार्डाची कहाणी सांगत होतो. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि यंत्राची गोष्ट म्हटल्यावर त्यांचा चेहराही बदलला होता. म्हणाले, "हरघडी बिघडते त्याले पान्हा लागते. कधीमधी बिघडते त्याले वही लागते." मग त्यांनी त्यांच्या जिनिंगमधला एक किस्सा सांगितला. जिनमध्ये कातडी रूळ असतात, रुई त्यांना चिकटून ओढली जाते आणि वरखाली हलणारी सुरी सरकी तोडून खाली पाडते. एका हंगामात त्यांच्याकडचा एक जिन अधूनमधून तुंबायचा. त्यावर कापूस टाकणारा गडी कामचुकार आहे, असं ठरून गेलं होतं. त्याला काढायचीच वेळ आली, तेव्हा अब्बांनी आठ दिवस वहीत टिपून ठेवलं: किती वाजता तुंबला, गाडी कुठली, कापूस कोणता. निघालं असं की जिन फक्त सकाळच्या पहिल्या गाड्यांना तुंबतो. थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा कापूस दहिवराने ओला झालेला असायचा. ओला कापूस रुळावर नीट ओढला जात नाही, आणि तो गडी सकाळपाळीचा होता. पहिल्या गाड्या उन्हात पसरून मग घ्यायला लागले. जिन तुंबणं थांबलं, गडीही राहिला.

मी दोनशे पानी वही आणली. उजव्या पानावर संगणक: तारीख, वेळ, वीज जाऊन आली होती का, खोलीत उकाडा किती, डबा उभा की आडवा, झाकण लावलेलं की उघडं, टेपची वायर जोडलेली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात हजर किंवा गैरहजर. एक नियम पाळला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर श्रेय कुणाला द्यायचं हे अल्लाच जाणे.

डावं पान रिकामं राहत होतं. माझ्या मुलीने त्यावर आपण होऊन दुसरी हजेरी सुरू केली. "दादाअब्बांनी ऐकलं" आणि "नाही ऐकलं". कुणी हाक मारली, कुठून, तेव्हा घरात काय चालू होतं. सुरुवातीला तो पोरखेळ होता. पण पोरीचं अक्षर नेटकं आणि तिचा रकाना माझ्यापेक्षा बारकाईचा.

पाच आठवड्यांत उजव्या पानांवर ४६ नोंदी झाल्या. त्यात १७ गैरहजेऱ्या होत्या. उकाड्याशी मेळ बसत नव्हता, वेळेशी नाही, भारनियमनाशीही नाही. पण झाकणाच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि थांबलो. डबा आडवा आणि उघडा होता अशा चौदा नोंदी होत्या, चौदाही हजर. सतराच्या सतरा गैरहजेऱ्या डबा उभा आणि बंद असतानाच्या होत्या. मी फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग भाचा म्हणाला, "मामू, मी दुकानात कार्डाचा मागचा इस्क्रू लावतच नाही. टेस्टिंगले कोण लावते?"

तो शुक्रवारी दुपारी आला. झाकण काढून बॅटरीच्या उजेडात दोघांनी खाचेकडे पाहिलं. कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते, ती डब्याला पेचाने आवळतात. आमच्या कार्डाची पट्टी तिच्या वाकणाशी अंशभर तिरपी होती. पेच आवळायला लागलं की मागचं टोक खाली दबायचं, आणि तराजूसारखं पुढचं टोक खाचेतून वर उचललं जायचं. किती? नखाच्या जाडीइतकं. पण त्या कडेला दोन्ही बाजू मिळून शंभरावर पट्ट्या असतात, आणि प्रत्येकीने खाचेतल्या आपल्या स्प्रिंगला टेकलेलं असावं लागतं. आडव्या डब्यात कार्ड आपल्या वजनाने खाली बसायचं. उभ्या डब्यात ते आडवं लोंबायचं, त्यात टेपच्या वायरचा ओढा. कधी टेकायचं, कधी सुटायचं.

भाच्याने मग जे केलं ते मला फार आवडलं. त्याने लगेच दुरुस्ती केली नाही. पेच पूर्ण आवळला, सुरू केलं: गैरहजर. ढिला केला: हजर. पुन्हा आवळला: गैरहजर. म्हणाला, "आता सापडला. बिघाड आपल्या मनानं आणता आला पाहिजे, तेव्हाच गेल्यावर गेला म्हणता येते." त्यानंतर त्याने पट्टी पकडीने सरळ केली, पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या, वायर डब्याच्या पायाला दोरीने बांधून तिचा ओढा तोडला. त्या वहीत पुढच्या चाळीस नोंदी सलग हजर आहेत.

चहा घेताना त्याने वही चाळली आणि डावी पानं त्याच्या नजरेला पडली. त्याने ती संगणकाच्याच नजरेने वाचली. बायकांच्या आणि मुलांच्या हाका बहुतेक गैरहजर. पुरुषांच्या जाड आवाजातल्या बहुतेक हजर. कूलर चालू असेल तर कुणाचीच खात्री नाही. कूलर बंद आणि समोरून बोललं तर जवळपास सगळं हजर. आमच्या वऱ्हाडात एप्रिल ते जून पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलर दिवसभर घरघरतो. म्हणजे अब्बांचं "मनावर न घेणं" उन्हाळ्यात का वाढत होतं, ते त्या पानांवर लिहिलेलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. कागदावर एक रेघ काढून दिली. २५० हर्ट्झपासून जाड आवाजांना ती बरी सरळ चालत होती, आणि ४,००० च्या आसपास खड्ड्यात उतरत होती. डॉक्टरांनी विचारलं, आयुष्यभर काम कुठे केलं? जिनिंग म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाचा मार कानाच्या आत याच जागी आधी बसतो, आणि वयही बारीक आवाजांपासूनच वसुली सुरू करतं. आपल्या बोलण्यातले स्वर जाड असतात, ते पोहोचतात. स, श, फ, थ यांचा सारा जीव वरच्या, बारीक भागात असतो, तो गळतो. अब्बा कितीदा म्हणत, "मले आयकू येते, पण बोल समजत नाही." ते अक्षरशः खरं होतं. आवाज पोहोचत होता, शब्दांच्या कडा पोहोचत नव्हत्या. त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने वहीतली डावी पानं आपल्या आईला वाचून दाखवली. त्यानंतर आमच्या घरात अब्बांना मागून हाक मारायची नाही, समोर जाऊन, कूलर बंद करून बोलायचं, असा शिरस्ता पडला. कानाचं मशीन आलं ते पुढे चार महिन्यांनी. ते जेवणाच्या वेळी पुन्हा सगळ्यांमध्ये येऊन बसू लागले, ते मशीन येण्याच्या आधीच.

कॅसेटी उतरवून झाल्या तोवर जून संपत आला होता. पाऊस पडून गेला, कूलर बंद झाले. अब्बांना हेडफोन लावून बसवलं. अम्मीचा आवाज त्यांनी ओळखला, माझा लहानपणीचा ओळखला. दादी बोलायला लागली तेव्हा म्हणाले, "आहे तीच, पण दूर आहे." संगणकात आवाजाचा बारीक भाग वेगळा उचलता येतो. मुलीने दोन हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्या हळूहळू वर सरकवल्या. प्रत्येक वेळी विचारायची, "आता? आता?" एका जागी अब्बांनी हात वर केला. पुढचा पाऊण तास ते हलले नाहीत.

त्यांना धक्का बसला तो अकराव्या कॅसेटमध्ये. १९८८ च्या फेब्रुवारीतली ती कॅसेट. आदल्या वर्षी, १९८७ साली, देशभर दुष्काळ पडला होता आणि वऱ्हाडात कापूस आलाच नव्हता. टेपवर अब्बा भावाला सांगत होते की इकडे सारं बराबर आहे, हंगाम चांगला चालू आहे, काळजी करू नको. त्यांचं बोलणं चालू असताना मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, दादीचा बारीक आवाज आला, "पोराले खरं सांग." एवढंच. बारीक भाग उचलला नसता, तर तो कुणालाच कळला नसता. अब्बांनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. हेडफोन काढून म्हणाले, "त्या साली जिनिंग दोनच महिने चालली. याले सांगितलं असतं तं यानं तिथून उसने काढून धाडले असते. म्हणून नाही सांगितलं."

सगळ्या एकोणीस कॅसेटी कमी जागेच्या एमपी-३ मध्ये बसवल्या तेव्हा एकाच ७०० एमबीच्या सीडीवर मावल्या. चौथ्या कॅसेटची पहिली बाजू अकराव्या मिनिटापुढे अस्पष्ट आहे, बाकी सगळं शाबूत. तिच्या नकला काढून आपाला, भाच्याला आणि नागपूर-पुण्याच्या भावंडांना दिल्या. चाचींकडे संगणक नव्हता, पण डीव्हीडी प्लेअर होता, त्यावर ती सीडी वाजली. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी तो अब्बांच्या कानाला लावला. फोनवर त्यांना नेहमीच बरं ऐकू येई, तीही नोंद डाव्या पानावर होती.

चाची सांगत होत्या की दम्मामच्या खोलीत चाचा एक कॅसेट मागे-पुढे करून ऐकत बसत, असं त्यांनी परत आल्यावर एकदा सांगितलं होतं. मागे अम्मा काही तरी बोलते आणि भाई तिला बोलू देत नाही, काय बोलते ते कळत नाही, असं ते म्हणत. मग एका रात्री खोलीतले बाकीचे झोपल्यावर त्यांना ते कळलं. दुसऱ्या महिन्यात, रमजानच्या आधी, त्यांनी घरी ड्राफ्ट पाठवला.

अब्बांना तो ड्राफ्ट आठवत होता. वीस वर्षं ते समजत होते की तो रमजानच्या खर्चासाठी आला होता. फोन ठेवल्यावर त्यांनी वही मागवली, डाव्या पानावर मुलीच्या नेटक्या अक्षरांखाली आपल्या थरथरत्या हाताने तारीख घातली आणि लिहिलं: छोट्याने ऐकलं होतं.

अब्बा २०१४ साली गेले. तो संगणक भंगारात गेला. नव्या मदरबोर्डांवर आता ती पांढरी खाच क्वचितच दिसते, आणि कॅसेट उतरवायचा यूएसबीचा डबा थोडक्या पैशांत घरपोच येतो. ज्यांच्याकडे असे बिस्किटाचे डबे असतील त्यांनी तो आणावा आणि उशीर करू नये. वही माझ्याकडे आहे. तिची उजवी पानं आता कुणाच्या उपयोगाची नाहीत. डावी पानं माझी मुलगी सासरी घेऊन जाणार होती, पण वही फाडायला तिचं मन झालं नाही, म्हणून तिने त्यांच्या झेरॉक्स काढून नेल्या.